डाव्या पायाची तुरपाई

टाचणीचं डोकं पांढरं होतं, आणि ते पुन्हा पँटच्या डाव्या पायावरच... अजून किती वर घ्यायचं? आधी अर्धं बोट, मग बोटभर. कापड सैलावलं असेल, कात्री वाकडी गेली असेल, नजर अधू झाली असेल — जन्मभर लोकांचे कपडे बेतणाऱ्या या बाईनं स्वतःची काय काय समजूत घातली, आणि आपल्या एकूण एक पँटचा डावा पाय गुपचूप वर शिवून टाकला.

काल डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला तेव्हा कळलं, कापडाचा काही दोष नव्हता. पायच आखूड झाला होता. मागे ऑपरेशन करून खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याची वाटी झिजली होती, दांडा सैल होऊन हाडात खाली रुतला होता. "दरवर्षी फोटो काढायला या म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं... पण दुखत नव्हतं, जिना चढता येत होता, पायाखाली मशीन धडधडत होतं. मग कशाला उगाच दवाखान्याची पायरी चढायची? "जुना सांधा काढून नवा बसवावा लागेल. पहिल्या ऑपरेशनसारखं सोपं नाही हे. काढताना हाड फुटू शकतं."

काढताना. शिवण्याची तिला कधी भीती वाटली नाही, उसवण्याची वाटे. उसवलेल्या जागी पुन्हा टाका घालताना जुनं कापड सुईखाली कसं विरत जातं, ते बोटांना पाठ होतं. नकोच ते. चालतंय तोवर चालवू. पण चालतंय कुठं? सकाळी फळीवरचा दोरा घ्यायला वळली, आणि मांडीत काहीतरी सरकलं... ती ओरडलीसुद्धा नाही, लेक ऐकेल म्हणून. लेक समोर आली की डावी टाच हळूच उचलायची, कंबर सारखी करायची, हसायचं. किती दिवस?

"आई, एकटीच काय वाकतेस? दे इकडे, मी लावते टाचण्या."

आपलं माप कधी कुणाला घेऊ न देणाऱ्या तिनं टाचणी देऊन टाकली. लेक तिच्या पायाशी बसली.

"सरळ उभी राहा ना गं."

"सरळच उभी आहे."

लेकीचा हात थांबला. मान हळूहळू वर आली, एका बाजूला खचलेल्या कमरेपाशी येऊन थबकली. आता विचारेल. विचारलं की सांगावं लागेल, सांगितलं की तारीख ठरेल, मग ते ऑपरेशनचं टेबल, तो दिवा... टाच उचलायला पाय शिवशिवला. तिनं ती टेकलेलीच ठेवली, आणि तशीच, कलती, लेकीसमोर उभी राहिली.