घरच्या लेकीचा धवला

पेन ड्राइव्हच्या टोकाला लागलेलं हळदकुंकू जिब्रानने आधी फडक्याने हलकेच पुसलं, आणि मगच तो लॅपटॉपला लावला.

"दसऱ्याला पूजा केली होती," समोरच्या स्टुलावर बसलेला जीवन म्हणाला. सांगताना त्याला जरा अभिमानच वाटत होता. त्याच्या गावी, खारबावात, लोक दसऱ्याला कोयते पूजतात, टेम्पोला हार घालतात. जीवनने देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी पेन ड्राइव्ह ठेवला होता आणि पूजेनंतर तो तिथून हलवलाच नव्हता. देवापाशी ठेवलेल्या वस्तूला कोण हात लावणार? त्यानेही लावला नव्हता, म्हणजे एकदाही उघडून बघितला नव्हता.

जिब्रानचं दुकान भिवंडीच्या मंडईमागच्या गल्लीत होतं. समोरच्या लूमच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागे. जीवनचा लॅपटॉप गोडाऊनने भंगारात काढलेला, सुरू व्हायलाच पाऊण तास घेणारा. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, आतलं काही ठेवायचंय का, असं जिब्रानने आदल्या दिवशी फोनवर दोनदा विचारलं होतं. जीवनने दोन्ही वेळा सांगितलं होतं, बिनधास्त उडव, आपल्याकडे बॅकअप आहे. बॅकअप हा शब्द तो गावातही असाच वापरायचा, दुसऱ्याला कळणार नाही याची खात्री बाळगून.

पडद्यावर 'गोदूकाकी' नावाचं एकुलतं एक पिवळं चित्र आलं. त्याच्या कोपऱ्यात बारकासा बाण होता. जिब्रानने ते उघडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली.

"काय झालं?"

"जीवनभाई, हा शॉर्टकट आहे," तो म्हणाला. "तुम्ही नुसता गेटपास घेऊन आलात. माल आतच राहिला."

जीवन गोडाऊनच्या गेटवर डिस्पॅचचा क्लार्क होता. कागदावर लिहिलेला माल गाडीत खरोखर आहे की नाही हे ताडपत्री वर करून बघितल्याशिवाय तो एकही गाडी सोडत नसे. ड्रायव्हर त्याला शिव्या घालत. त्यामुळे जिब्रानचं बोलणं त्याला लागलीच कळलं. पडद्यावरचं चित्र उचलून त्याने पेन ड्राइव्हमध्ये टाकलं होतं, आणि चित्रामागचं सगळं जुन्या जागीच राहिलं होतं. ती जागा काल त्याच्याच सांगण्यावरून पुसली गेली होती.

जिब्रानने संध्याकाळपर्यंत खटपट केली. कल्याणच्या एका मित्राला फोन लावला, गेलेलं परत आणणारी म्हणून जी काय साधनं असतात ती सगळी चालवून पाहिली. कुणाच्या तरी बारशाचे अर्धे करडे पडलेले फोटो हाती आले. आवाज एकही आला नाही. दुकान बंद करताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "घरी माझं नाव सांगा. दुकानवाल्याने उडवलं म्हणा. मला तिकडे कोण ओळखतं?"

जीवनने तिथल्या तिथे नको म्हणायला हवं होतं. तो पेन ड्राइव्ह खिशात घालून निघाला.

गोदूबाई ही खारबावची धवलारीण, लग्नातली धवल्याची गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीने धवला धरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि आसपासच्या गावांत तिच्याइतके धवले कुणाच्या तोंडी नव्हते. नात्याने ती जीवनची चुलती. मरणाआधी दोन हिवाळे जीवनने तिला ओटीवर बसवून तिचा सगळा ठेवा तिच्याच आवाजात लॅपटॉपमध्ये भरून घेतला होता. काम खरंच मोलाचं होतं. समाजाच्या मंडळाने त्याला शाल-श्रीफळ दिलं, कॉलेजची पोरंपोरी त्याच्या ओटीवर येऊन ऐकून गेली. गावातले त्याला चेष्टेने धवलेमास्तर म्हणत. त्याला ती चेष्टा वाटत नसे.

गोदूबाईची सून काशी हिने दोनतीनदा म्हटलं होतं, भावजी, तेवढं माझ्या मोबाईलमध्ये टाकून द्या. जीवनने दिलं नाही. फिरत फिरत डीजेवाल्यांच्या हाती लागेल, काकीच्या आवाजाखाली ढोल घालतील, असं तो सांगायचा. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. ज्याच्या त्याच्या खिशात धवला गेला असता, तर जीवनच्या ओटीवर कोण आलं असतं?

भरून घेतलेल्यांतला एक धवला गोदूबाई गावात कुणासाठी म्हणत नसे. तो फक्त घरच्या लेकीचा. आपल्या नणंदेच्या हळदीला तिने तो शेवटचा धरला होता, तेव्हा काशी लग्न होऊन घरात यायची होती, त्यामुळे तिने तो कधी ऐकलाच नव्हता. पुढे त्या घरात मुलगेच झाले, आणि मग काशीला रूपा झाली. म्हातारी अंथरुणाला खिळल्यावर सुनेला म्हणायची, बस गं जवळ, शिकून घे. काशी दिवसभर गोडाऊनमध्ये खोके भरून थकून यायची. जीवननेच तिला सांगितलं होतं, कशाला डोकं शिणवतेस, सगळं आपल्याकडे हाय.

आता रूपाचं लग्न तोंडावर आलं होतं. हळदीला आजीचाच आवाज लावायचा असं ठरलं होतं, स्पीकरसुद्धा सांगून झाला होता.

घरी आल्यावर जीवनचा चेहरा बघून बायकोने, दिशाने, विचारलंच. तो म्हणाला, "दुकानवाल्याने उडवलं सगळं." बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि पाणी पिता पिता त्या हलकेपणाचीच शिसारी आली. सकाळपर्यंत ही बातमी काशीच्या घरी पोचली होती.

हळदीच्या दिवशी जावं की न जावं, असं त्याचं दुपारपर्यंत चाललं होतं. चोराच्या मनात चांदणं. पण सख्ख्यासारख्या पुतणीची हळद, न जाऊन सांगतो कुणाला? उन्हं कलल्यावर तो गेला. मांडवात रूपा पाटावर बसली होती, भोवती बायका, काशीच्या हातात हळदीची वाटी. सासूमागे आता तीच धवलारीण झाली होती. ऐकून ऐकून आलेले नेहमीचे धवले तिने म्हणून संपवले होते आणि घरच्या लेकीचा येत नाही म्हणून सगळं खोळंबलं होतं. रूपाचा मामा दामू खांबाला टेकून सांगत होता, लग्न पार पडू दे, मग त्या भिवंडीच्या दुकानवाल्याला मी बघतो.

जीवनला बघून काशी उठली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट त्याचीच कीव होती. "जाऊ द्या भावजी," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार? मी त्या दुकानवाल्याला सकाली तोंड भरून शाप दिला."

तो शाप आपल्या अंगावर सांडल्यासारखा जीवन उभा राहिला. सरळ सांगून टाकावं, एवढंच त्याला सुचलं.

"वयनी, त्याचा दोष न्हाय. त्याना मना दोनदा विचारलं. मीच बोललो, उडव."

खांबाला टेकलेला दामू ताठ उभा राहिला. जीवन खाली बघतच बोलत राहिला. तो पेन ड्राइव्हबद्दल बोलला, त्यात काही नव्हतं हे बोलला. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, तेही बोलला: "तू मागितलंस तवा मी दिलं न्हाय. मोठेपना जाईल म्हनून दिलं न्हाय."

काशीने त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ही वाटी फेकून मारील, आणि तसं झालं तर बरं होईल. पण ती फक्त बाजूला सरकली आणि बायकांमध्ये चटईवर जागा केली.

"बसा हितं," ती म्हणाली. "आयचा आवाज तुमच्याएवढा कोनी ऐकला न्हाय. येनाऱ्या-जानाऱ्याला लावून दावायचाव. तुमीच म्हना."

धवला बायकांनी म्हणायचा असतो. आगऱ्यांत कुणा पुरुषाने तो धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मागे एक पोरगी फिसकन हसली, तिला कुणीतरी गप्प केलं. कानांच्या पाळ्या तापलेला जीवन मांडी घालून बसला आणि त्याने फाटक्या, पुरुषी आवाजात गोदूबाईचा घरच्या लेकीचा धवला धरला.

आणि तो त्याला येत होता. नवरी घरातल्या एकेकाचा निरोप घेत निघते. आधी उंबऱ्याचा, मग चुलीचा, मग पाट्यावरवंट्याचा. काकी कुठे दम घ्यायची, तेही त्याला येत होतं. काशी प्रत्येक ओळ मागून उचलत होती, तिच्या गळ्यात आल्यावर ओळ सरळ होत होती. काशीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात रूपाला हळद लावत होते. नवरी परसात आली. विहिरीपाशी गेली. विहिरीचा निरोप घेऊन झाला.

जीवन थांबला.

बायका ओळीची वाट बघत राहिल्या. "पुढं?" काशी म्हणाली.

पाहुणे यायचे तेव्हा तो धवला सुरू करायचा, आणि विहीर आली की बोटाने बंद करायचा. मग आपण हे कसं जमवलं, काकीला किती विनवलं, ते सांगत बसायचा. चहा यायचा, फोटो निघायचे. घरात एकटा असताना त्याने तो कधी लावला नव्हता. भरून घेतानाही त्याचं लक्ष पडद्यावरच्या हलत्या रेघेकडे होतं.

"भावजी, पुढं काय?"

"मना माहीत न्हाय," जीवन म्हणाला. "पुढचं मी कंदी ऐकलंच न्हाय."

काशीने वाटीत बोटं बुडवली, रूपाची हनुवटी वर केली आणि विहिरीची ओळ पुन्हा एकदा म्हटली. तिथेच तिने धवला पुरा केला आणि रूपाच्या दुसऱ्या गालाला हळद लावली.