मोतिया साडीचं मॅचिंग

हुडकेश्वरला माझं ब्लाउज पीसचं मॅचिंग सेंटर आहे. मोतिया साडी घेऊन कोणी आलं की मी आधी तिला बसवते, कारण हा मोत्यासारखा पांढरा रंग महा नखरेल. मरून दिला की खुलतो, बॉटल ग्रीन दिला की रुबाब येतो. लेमन दिला तर साडी विटकी दिसते.

काल आई माझ्या धाकट्या बहिणीला, मोनालीला, घेऊन दुकानात आली. रविवारी तिचं लग्न. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरं नेसते. आईने पिशवीतून साडी काढली आणि माझा जीव जळला. आजोबांनी उमरेडला हातमागावर विणलेली, आईच्या लग्नातली मोतिया साडी. माझ्या लग्नात तिचं नावसुद्धा निघालं नव्हतं. मला इतवारीतून नवीकोरी घेतली होती आणि मी खुळी त्यातच खूश होते.

"मॅचिंग दे वं चारू," आई म्हणाली.

मी मुद्दाम लेमन काढला. "हाच जाते यावर."

आईने नाक मुरडलं. मोनाली म्हणाली, "ताईले समजते. तिनं म्हटलं तर हाच."

लहानपणापासून मी गोरी, ती काळी. लोक तिला 'चारूची बहीण' म्हणूनच ओळखायचे. सगळं मला मिळालं होतं, मग ही साडी तिला का? मला राहवलं नाही.

"माझ्या लग्नात काहून नाही देली?"

"तू झोपली होती तवा अंगावर टाकून पाहिली होती," आई म्हणाली. "साडी कुठं न् पोरगी कुठं, समजेच ना. अन् इले घेऊन गेलं की दुकानदार म्हणे, या पोरीच्या रंगावर काय जाईन? मले माहीत होतं काय जाते."

तिने पदर मोनालीच्या खांद्यावर टाकला. आरशात तिची सावळी मान अशी उजळली की मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी साडीला ब्लाउज जुळवत होते, बाईच्या अंगाचा रंग कधी पाहिलाच नव्हता.

लेमन मी कप्प्यात कोंबला आणि मरून कापायला घेतला. जीव जळतच होता, पण कात्री सरळ चालवली.

काउंटरशी उभी असलेली एक गिऱ्हाईक बाई मोनालीवरून नजर न काढता म्हणाली, "तुम्ही नवरीच्या बहीण का?"

"हो," मी म्हणाले. असं मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.