झोक्याचा खांब

बानाबाईनं काकासाहेबावर डूख धरला होता, आणि तो काही चोरून धरला नव्हता. त्याची पांढरी गाडी बागेपुढून निघाली की ती पचकन थुंकायची, आणि तीही त्याला दिसेल अशी. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, “आजी, झालं गेलं सोडून द्या.” सोडून द्या! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मोडलेला पाय त्यांच्या नातीचा नव्हता.

हर्सूलच्या पुढं आता जिथं ही कॉलनी आहे, तिथं बानाबाईच्या सासऱ्याच्या काळापासून मेंढरं बसायची. घरं झाली, रस्ते झाले, मधोमध बाग झाली. बागेच्या मागच्या कुंपणाला लागून बानाबाईचं पत्र्याचं घर तेवढं उरलं, आणि थोड्या शेळ्या. बागेतला झोका, घसरगुंडी, सगळं काकासाहेबानंच बसवलेलं. काकासाहेब म्हणजे कॉलनीचा पुढारीही तोच आणि ठेकेदारही तोच. मग कामाची पाहणी कोण करणार? तोच!

बानाबाईची लेक मनकर्णा फुलंब्रीला दिलेली. एका नागपंचमीला ती माहेरी आली आणि तिची पोर सारजा बागेतल्या झोक्यावर बसली. चार झोके घेतले नसतील, तोच खांब मुळासकट उपटला आणि पोरीच्या मांडीवर आला. पाय वाचला, पण आखूड राहिला. आणि करम बघा, त्याच दिवशी त्या खांबाला बानाबाईनं शेळी बांधलेली. सावली होती म्हणून बांधली. मेंढरामागं जन्म गेलेल्या माणसाला खुंटा दिसला की हात आपोआप दोरीकडं जातो, त्याला काय करणार!

काकासाहेबानं ती दोरी बरोबर हेरली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, “शेळ्या बांधून बांधून या बाईनंच खांब खिळखिळा केला. आपल्याच नातीचा पाय मोडला हिनं.” चोराच्या उलट्या बोंबा! पण लोकांना दोरी दिसत होती. खांबाचा खड्डा कुणी बघायच्या आत काकासाहेबाच्या माणसांनी बुजवून टाकला होता. मग शेळ्या भर रस्त्यानं कॉलनीबाहेर हाकलल्या, आणि पोरं टाळ्या पिटत मागं गेली.

मनकर्णानंही ते खरं मानलं. दवाखान्याच्या दारात ती आईला एवढंच म्हणाली, “माय, तुला माझ्या लेकरापरीस शेळी जास्त झाली का गं?” त्यानंतर तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही.

हे बानाबाईच्या काळजात रुतलं होतं. नातीच्या पायाचं दुःख होतंच, पण लेक तुटली त्याचा विस्तव रात्रंदिवस जळत होता. खरं सांगायचं तर कधीकधी तिचं तिलाच वाटायचं, शेळीनंच तर हलवला नसंल? मग काकासाहेबाचा आणखी राग यायचा, कारण हा संशयसुद्धा त्यानंच पेरलेला.

निवडणूक जवळ आली तशी काकासाहेबाला बागेची आठवण झाली. जुनं मोडकं सामान गेलं, लाल-पिवळं नवं आलं. उद्घाटन ठेवलं नेमकं पंचमीला. माहेरवाशिणी झोके घेतील, फोटो झकास निघतील, असा त्याचा हिशेब. बानाबाईला कळलं तशी ती एसटीनं फुलंब्रीला गेली. लेकीच्या दारात उभी राहिली, पाण्याचा घोटही घेतला नाही.

“मनकर्णे, या पंचमीला पोरीला घेऊन ये. घरात येऊ नको, बागंत ये. मंग जलमात मला माय म्हणली नाय तरी चालंल.”

पंचमीला बाग भरून गेली. काकासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात माइक धरून उभा होता. बोलता बोलता त्याला चेव आला.

“या झोक्याच्या खांबाला हत्ती बांधा, हत्ती! हलला तर नाव बदलीन!”

“हत्ती कुठून आणू?” मागून आवाज आला. “माझ्याकडं एडका हाय.”

लोक हसले. बानाबाई वजीरला घेऊन येत होती. शेळ्या विकाव्या लागल्या, तरी हा एवढा एक एडका तिनं घराआड राखला होता. वासराएवढं धूड, पिशोरच्या बाजारात मेंढ्यांच्या टकरीत कुणाला न हटलेलं. मनकर्णा सारजाचा हात धरून फाटकाशी उभी होती. बानाबाईनं तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि आज तिला रडायचं नव्हतं.

“बाई, जनावर बाहेर न्या,” काकासाहेब म्हणाला. “मागच्या वेळी काय झालं ते विसरलात का?”

“तेच तर इसरले नाय. म्या शेळी बांधली म्हणून खांब उपटला, असंच म्हणला होतास ना? आज लेकरं बसणार हायेत ह्याच्यावर. एडका बांधून बघू.”

“अहो, पक्का आहे म्हणून मी सांगतोय ना!”

“खणून दाखीव म्हणले असते. पण आज पंचमी. आज भुईला कुदळ लावत नाय, म्हणून वाचलास.”

ज्यांची लेकरं झोक्यापुढं रांगेत होती त्या बायांना हे पटलं. “बांधू द्या की, काकासाहेब! हत्ती बांधा म्हणालात ना तुम्हीच?”

काकासाहेब हसला. “बांधा, बांधा. होऊन जाऊ द्या.”

बानाबाईनं दोरी दुहेरी करून खांबाला आवळली, लांब जाऊन उभी राहिली आणि पदरातली ज्वारी मुठीत धरून हाक मारली, “वजीर! ये, ये!” एडक्यानं हिसका दिला. दोरी ताठ झाली, खूर मातीत रुतले. पुन्हा हिसका. मग तो चिडला, मागं सरला आणि खांबालाच टक्कर दिली. ठण्ण! पोरं किंचाळली. खांब तसूभर हलला नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बानाबाई मान खाली घालून उभी होती. ते पाहून काकासाहेबाला उकळ्या फुटल्या.

“बघा, लोकहो! कमरेइतका खड्डा घेतलाय, तळापासून काँक्रीट भरलंय! एडका काय, एडक्याचा बाप आला तरी हलायचा नाही!”

“एडक्यानं नाय हलायचा?” बानाबाईनं विचारलं.

“अजिबात नाही!”

“अन् शेळीनं?”

“शेळीनं कुठं खांब हलतो का, बाई!”

तो मोठ्यांदा हसला, आणि हसता हसता थांबला. माइक तोंडापुढंच होता. कर्ण्यातून ते वाक्य साऱ्या बागेवरून, गच्च्यांवरून, पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलं होतं.

बानाबाईनं मान वर केली. “मंग मागल्या टायमाला खड्डा किती होता रं?”

“बाई, आता ते जुनं...”

“किती होता? कमरेइतका? गुडघ्याइतका? का इतभर?”

काकासाहेबानं माइक खाली केला. फाटकातून मनकर्णा चालत आली. “माय, म्या तुला...”

“गप. आधी ह्याचं होऊ दे.”

काकासाहेबानं हात जोडले. “चुकलं, बाई. पहिला झोका सारजाला देऊ. फीतही तीच कापील.”

“पंचमीला चिरत-कापत नाय, एवढं तरी ठावं पायजे तुला.” बानाबाईनं एडका सोडला आणि दोरी त्याच्या हातात कोंबली. “धर. ज्या रस्त्यानं माझ्या शेळ्या हाकलल्यास, त्याच रस्त्यानं ह्याला माझ्या दारात नेऊन बांध. मागच्या गल्लीनं नाय, भर रस्त्यानं. कुणी इचारलं तर सांग का नेतोस ते.”

त्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं. माणसं घसरगुंडीकडं बघत होती. शेवटी निघाला बापडा. वजीर कुणाच्या तालानं चालणारा नव्हता. त्यानं असा झटका दिला की इस्त्रीचे कपडे श्रावणातल्या चिखलात गुडघ्यावर आले. पोरं टाळ्या पिटत मागं निघाली. बानाबाईनं ते डोळे भरून पाहिलं. लई गोड लागलं तिला, खोटं कशाला बोला!

मग ती लेकीकडं वळली. “चल घरी. पुरणाची दिंडं उकडून ठेवलीत. सारजे, त्याआधी एक झोका घे. आता हलत नाय तो.”

सारजा खांबाशी उभी होती. दोन्ही तळहात लावून, सगळा जोर करून ती खांब ढकलून बघत होती. तिनं झोक्याकडं पाहिलं आणि आखूड पाय मागं घेतला.

“आजी, मला नाय बसायचं.”

बानाबाईचं तोंड कडू झालं. ती तरातरा फाटकापर्यंत गेली आणि रस्त्यावर एडक्यामागं फरफटणाऱ्या त्या पाठीला ओरडून म्हणाली,

“काकासाहेबा! उद्या पंचमी नाय! या कॉलनीत तू जेवढं पुरलंस, तेवढं उद्यापासून खणायचं हाय!”