कोपऱ्यातले टाके

"ही आपली न्हाई!" मरिया एवढ्या मोठ्याने म्हणाली, की हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

नगरच्या मिशनशाळेत जुन्या गोधड्यांचं प्रदर्शन होतं. प्रत्येक जुन्या गोधडीशेजारी शाळेतल्या मुलींनी शिवलेली तिची नवी नक्कल. आमची गोधडी माझ्या सासूबाईंच्या, पुणतांब्याच्या भीमाबाईंच्या हातची. त्या गेल्यापासून माझ्या बायकोचा, मरियाचा, सगळा जीव तिच्यात. दोन महिन्यांपूर्वी मीच ती बेलापूरहून आणून शाळेच्या गोऱ्या मॅडमना दिली, आणि तेव्हापासून घरात मला धड घास गोड लागलेला नाही.

संशय आमच्या मरियाच्या पाचवीलाच पुजलेला. दूधवाला पाणी घालतो, इथवर ठीक. पण पाद्रीसाहेब प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवतात, हेही तिनेच पाहिलेलं! तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते का, हे विचारायची माझी छाती नाही.

"मडम म्होरल्या महिन्यात बोटीनं गावाला चालल्या. खरी गोधडी त्यांच्या पेटीत, अन् ही नक्कल आपल्या गळ्यात. तुमाला काय, कुनीबी टोपी घालावी!"

"अगं, चिठ्ठी बघ. 'जुनी. भीमाबाई, पुणतांबा.'"

"चिठ्ठी कुनीबी लावतं. वास घ्या. चुलीचा येतोय का?"

वास साबणाचा होता. खोटं कशाला बोलू, मलाही शंका आली. शेजारची नक्कल हुबेहूब तशीच.

ती नक्कल शिवणारी दया धावत आली. "मावशी, जुनी आमी नुसती धुतली. नव्या कापडालाच बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडवून जुनं केलं."

"बघा! म्हंजे जुनं करता येतं हिला!"

दयाच्या गळ्यात दोरीला कात्री लटकत होती. मरियाने ती ओढून घेतली.

"अगं, आईचे टाके आहेत ते!" असं मी म्हणेपर्यंत तिने खालचा कोपरा उसवलासुद्धा. दया रडायला लागली.

आतून काहीतरी पिवळट बाहेर आलं. बाळाचं झबलं. गळ्याशी लाल दोरा.

मी ते ओळखलं. आमचा यशया अकरा महिन्यांचा होऊन गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. झबलं त्याच्याबरोबर मातीत गेलं, असं मरियानेच सांगितलं होतं. आणि एकोणीस वर्षं मी ते अंगावर पांघरून झोपत होतो!

"आपलीच हाय," मरिया म्हणाली. "आईनं कोपरा उसवून आत घातलं हुतं. तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुरलं असतं."

मला फार लागलं ते. पण मी खरंच पुरलं असतं. 'जुनं उगाळू नये' असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरत होतो.

दयाने डोळे पुसून सुई ओवली. "मावशी, मी घालते टाके."

"नको, पोरी. चुकलं माजं. दे इकडं."

मरिया फरशीवर बसली. दोन टाके घातले, तिरपे गेले, उसवले. आईसारखे टाके कुठले यायला आता?

मग तिने माझ्याकडे न बघता गोधडीचा कोपरा पुढे सरकवला.

"धरा. हलवू नका."

मी तिच्याजवळ खाली बसलो, झबलं नीट घडी करून आत सारलं आणि कोपरा दोन्ही हातांनी धरून ठेवला.