इथे सही कर

शनिवारची सकाळ होती. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूच्या आपल्या टाउनहाऊसमध्ये संध्या पोह्यांना फोडणी देत होती आणि तिची भाची देवयानी ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. देवयानी मूळची पुण्याची. इथल्या विद्यापीठात इटलीतल्या कंपानिया प्रदेशाच्या निवडणुकांवर पीएचडी करते आणि सुट्टीला मावशीकडे हक्काने जेवायला येते.

"तिथली निवडणूक दर पाच वर्षांनी असते गं," ती सांगत होती. "एकाच कागदावर प्रदेशाचा अध्यक्षही निवडायचा आणि प्रदेशाच्या सभेतला आपला माणूसही. दवाखाने, बसगाड्या, सगळं त्यांच्याच हातात. अध्यक्ष एका आघाडीचा आणि सभेसाठी उमेदवारांची यादी दुसऱ्या पक्षाची निवडली, तरी चालतं. आणि उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं. दोन नावं लिहिलीस तर एक बाईचं, एक पुरुषाचं. दोन्ही पुरुषच लिहिलेस तर दुसरं बाद."

"आणि नवऱ्याला विचारून लिहायचं असेल तर?"

"कसं विचारणार? फोन बाहेर ठेवायचा आणि आत एकटीने जायचं."

संध्या हसली खरी, पण तिचं लक्ष गॅरेजच्या दाराकडे होतं. संजीव, तिचा नवरा, टपाल आणायला खाली गेला होता.

आता या घरची रीत ऐका. वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येते. सोय मोठी चांगली, पण सोयीचं काय करायचं ते माणसावर असतं. गेली नऊ वर्षं संजीव जेवणाच्या टेबलावर दोन्ही पाकिटं फोडायचा, दोन्ही मतपत्रिका स्वतःच भरायचा आणि परत पाठवायच्या संध्याच्या लिफाफ्यावर बोट ठेवून म्हणायचा, "इथे सही कर." ती कणकेचा हात पुसून करायची. त्यांच्या ग्रुपमधल्या बहुतेक घरांत हेच. पार्टीत पुरुष एकमेकांना सांगायचे, "आमच्या घरची दोन मतं पक्की, यार," आणि बायका ताटं मांडता मांडता हसायच्या. सगळी शिकलेली माणसं हो! हुंडा घेतला नाही म्हणजे आपण सुधारलो, अशी यांची समजूत.

तीन वर्षांपूर्वी संध्या एकदाच म्हणाली होती, "मला वाचू तर द्या." संजीव ओरडला नाही, हातही उगारला नाही. त्याने तिच्या गाडीची किल्ली खिशात टाकली आणि सतरा दिवस तिच्याशी बोलला नाही. त्या भागातून बस जात नाही. सतरा दिवस ती घरातच होती. तेव्हापासून किल्ल्या वाजल्या की हातातलं काम तसंच टाकून ती दाराकडे पाहते.

यंदाच्या मतपत्रिकेत त्याच बसचा प्रश्न होता. त्यांच्या भागातून बस सुरू करायची की नाही? संध्याला ती बस हवी होती. पण मतपत्रिका आली तेव्हा ती दुसऱ्या राज्यात, नोव्हायला भावाकडे होती, त्याच्या बायपाससाठी. परत आली तोवर निवडणूक उरकली होती.

संजीव वर आला. हातात एक फोडलेलं पत्र होतं, संध्याच्या नावाचं. त्याने ते टेबलावर ठेवलं, बोट टेकवलं.

"काही नाही, फॉर्मॅलिटी आहे. इथे सही कर."

गॅस बंद करून संध्या खुर्चीवर बसली आणि पत्र वाचू लागली. निवडणूक कार्यालयाने कळवलं होतं की तुमच्या लिफाफ्यावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. सही तुमचीच असेल तर तसं शपथेवर लिहून द्या.

"अहो, ही सही माझी नाही."

"तू नोव्हायला होतीस. डेडलाइन होती, मी केली. नवरा आहे मी, कोणी परका नाही."

"काका, खोटी शपथ गुन्हा आहे, खाली लिहिलंय," देवयानी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तुला या देशात मत नाही."

संध्याच्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. पोलीस येतील का? नागरिकत्व जाईल का? तेवढ्यात संजीव हळू आवाजात म्हणाला, "सही नाही केलीस तर ते मला विचारायला येतील." कागदावरचं बोट त्याने काढून घेतलं. तो घाबरलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. पण ते पाहून तिची भीती गेली नाही, उलट दुप्पट झाली. आता दोघांचं काय व्हायचं ते तिच्या हातात होतं.

"बसला काय दिलंत माझं मत?"

"नो. ऑब्व्हियसली. टॅक्स कोण भरतं?"

संध्याने पेन उचललं. सहीची जागा कोरीच ठेवली आणि खाली, वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'ही सही माझी नाही. हे मत मी दिलेलं नाही.' त्याखाली तिने आपलं नाव घातलं.

"कॉन्सिक्वेन्स कळतात तुला?"

"कळतात. म्हणून तर अक्षर असं आलं. विचारायला आले तर मी खरं सांगेन. तुम्हीही सांगा."

संजीवने खुंटीवरची तिच्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात घातली.

टपालवाला दारातल्या पेटीतूनही पत्रं नेतो, पण तिथे टाकलं तर संजीव काढून घेणार, हे तिला माहीत होतं. तिने पत्र परतीच्या लिफाफ्यात घातलं, कोट चढवला, बूट घातले. देवयानीही उठली.

"नको," संध्या म्हणाली. "एकटीने जायचं असतं ना?"

चौकातली टपालपेटी दोन मैलांवर होती. मागून गाडी आली की त्याचीच वाटायची आणि ती पत्र कोटाच्या आत दडवायची. पेटीपाशी ती दोनदा मागे फिरली, तिसऱ्यांदा पत्र टाकलं. मग ती तशीच उभी राहिली, कारण आता परत त्याच घरी जायचं होतं.

तुमच्याकडेही पुढच्या निवडणुकीला दोन पाकिटं येतील. त्या दिवशी टेबलावर दोन मतपत्रिकांना पेन एकच असेल, तर दुसरं कुठे गेलं ते घरातल्या बाईला विचारू नका. स्वतःचा खिसा चाचपा.