उत्खननाचा कोर्स

पुरातत्त्वाचा कोर्स काढायचा, माहितीपत्रकावर खणलेल्या खड्ड्याचा रंगीत फोटो छापायचा आणि शिकवायला एकही कायम माणूस नेमायचा नाही, हे पाप तुमचं आहे. वरच्या खुर्चीत बसून मंजुरी तुम्ही दिली. तपासणीला तुमचीच माणसं आली, जेवली, 'समाधानकारक' असं लिहून गेली. त्यात कोण अडकलं ते आता ऐका.

भातकुली तालुक्यातली रागिणी. अमरावतीला बी.ए. करताना तिच्या नशिबात पुरातत्त्वाचं एक शिबिर आलं. गुडघ्यावर बसून गवंड्याच्या करणीनं माती खरवडायची, एवढंच काम. पण मातीचा रंग कुठं बदलतो हे तिच्या हाताला कळायला लागलं आणि तेवढ्यात शिबिर संपलं. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचेना. घरी येऊन तिनं बापाला, नत्थुजींना, सांगितलं, "बाबा, मले उत्खनन शिकाचं हाय."

इथंच घोटाळा झाला. आपल्याकडं उत्खनन म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर मुरूम येतो, रेती येते, पोकलेन येतं. पेपरात हा शब्द येतो तो 'अवैध' लावूनच. नत्थुजींना वाटलं, ते वैध करायचा कोर्स निघाला असेल. त्यांनी लगेच अकोल्याला मेव्हण्याला फोन लावला. किशोरमामा जठारपेठेत राहतो आणि रस्त्याच्या कामांना मुरूम पुरवतो.

"भाऊजी, पाठवाच तिले," मामा म्हणाला. "आपल्या घरी राहीन. परवान्याचे तहसीलचे सारे कागद घरातच होतीन."

रागिणीला त्याच वेळी कळलं की बापाचा होकार चुकीच्या शब्दावर उभा आहे. तिनं तोंड उघडलं नाही. मोठ्या बहिणीचं, चंदाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बी.ए.चा निकाल लागायच्या आधीच झालं होतं. ते तिनं पाहिलं होतं.

तिनं शोध मात्र नीट केला. खिशाला झेपतील असे दोनच कोर्स सापडले. एक अकोल्याचा, मामाच्या घरी राहून. दुसरा वऱ्हाडाबाहेरच्या सरकारी विद्यापीठाचा: फी तेवढीच, मुलींचं वसतिगृह आवारातच, आणि हिवाळ्यात महिनाभर तंबूत राहून खरं खोदकाम. अर्जाची शेवटची तारीख आजची. बाप म्हणाला, आधी अकोला पाहू. म्हणून आज तिघं अकोल्याच्या कॉलेजात आले.

विभाग म्हणजे एक खोली, तीन बाक आणि कमलाकांत सर. सर तासाच्या हिशोबानं शिकवतात. विषय त्यांचा इतिहास. माणूस सरळ.

नत्थुजींनी हात जोडून विचारलं, "सर, कोर्स झाल्यावर पोरीले लायसन भेटते काय?"

"परवाना दिल्लीहून येतो," सर म्हणाले. "तोही संस्थेला. एकट्या माणसाला देत नाहीत."

"दिल्लीहून?" मामा पुढं सरकला. "आमाले तं तहसीलातून भेटते. बरं, एका खड्ड्यातून माल किती निघते?"

"नशीब असलं तर टोपलीभर."

"टोपलीभर मुरूम?"

सरांना हसू आलं. "मुरूम फेकून देतात हो. खापरं ठेवतात."

नत्थुजींनी पोरीकडं पाहिलं, मग सरांकडं. "खापरं म्हंजे फुटक्या मडक्याचे?"

"हो."

"ते तं आमच्या वावरात वखराले लागतात. फुकट."

मामानं कपाळावर हात मारला. "पोट्टीनं महिनाभर आपल्याले येड्यात काढलं, भाऊजी."

"मी खोटं नाई बोलली, मामा," रागिणी म्हणाली. "उत्खननच म्हटलं होतं."

मग तिनं सरांना त्या दुसऱ्या कोर्सचंही सांगितलं आणि विचारलं, "इथं खोदकाम कधी असते?"

सरांनी टेबलावरची धूळ बोटानं पुसली. "नसतं. कौंडण्यपूरला, जुन्या उत्खननाची जागा दाखवायला, एक सहल नेतो. बोर्डावर आकृती काढून सांगतो." मग हळू आवाजात, "शिकायचं असेल तर त्या सरकारी ठिकाणी जा, बेटा. आजच भर."

ती बाहेर व्हरांड्यात आली, खांबाशी उभी राहून मोबाइलवर तो दुसरा अर्ज भरत गेली. सगळं झालं. शेवटी वसतिगृहासाठी पालकांची संमती, आणि त्या संमतीचा ओटीपी पालकांच्या मोबाइलवर. नत्थुजींच्या खिशात मोबाइल वाजला.

"बाबा, नंबर सांगा."

त्यांनी चष्मा चढवला. मेसेज सबंध वाचला. कोणत्या गावाचं वसतिगृह, तेही वाचलं. मग मोबाइल खिशात टाकून वरून बटण लावलं.

"बँकवाले सांगतात, ओटीपी कोणाले द्याचा नसते."

"बाबा, मी पोरगी हावो तुमची."

"म्हणूनच." ते चिडले नव्हते, तेच वाईट होतं. "शिकाले मी नाई म्हणून राह्यलो काय? इथं शिक. मामाचं घर हाय, मामी हाय. पुस्तकात पाह्य खापरं. तंबूत राह्याले माही पोरगी काय सर्कशीतली हाय?"

मोबाइलच्या पडद्यावर वेळ संपली आणि नवा ओटीपी मागवा असं आलं. तिनं मागवला. खिसा पुन्हा वाजला. नत्थुजी आवारातल्या कडुलिंबाकडं पाहत राहिले.

"चाल," मामा म्हणाला, "ऑफिसची खिडकी बंद होईन. इथली ॲडमिशन घेऊन टाक अन् मोकळी हो."

मोकळी. रागिणी चालत खिडकीशी गेली. आतल्या मॅडमनी हात पुढं केला. तिनं कागद दिले नाहीत, छातीशी धरले.

"मॅडम, माहितीपत्रकात खोदकाम लिहिलं हाय. ते कधी असते, एवढं लिहून द्या."

"आधी ॲडमिशन घे, मग विचार."

"मग विचारून काय करू? मले दुसरीकडं जाता येत नाई. इथंच राह्याचं हाय तं इथं काय भेटते ते मले माहीत पाह्यजे."

मागे रांग कुरकुरायला लागली. मामानं दंडाला धरून ओढलं. ती हलली नाही. नत्थुजी लांबून हे पाहत होते, आता तेही खिडकीशी आले आणि पोरीला मागे घ्यायच्या ऐवजी मॅडमला म्हणाले, "सांगा नं मग तिले. लिहिलं तं तुमीच हाय."

मॅडम म्हणाल्या, "हे आमच्या हातात नाही हो. वरून ठरतं."

वर तुम्ही आहात. बापानं एक दार लावलं, ते तिनं पाहिलं, लावणाऱ्याचं तोंड तिला माहीत आहे. तुमचं तोंड कोणी पाहिलेलं नाही. खोदकाम कुठं होणार, कोणत्या महिन्यात होणार, शिकवणार कोण? पोरगी खिडकीशी उभी आहे. सांगा.