तिसऱ्या दरपत्रकाची दुपार

नोकरीच्या तेहतीस वर्षांत भांडारपालांनी तीन दरपत्रकांशिवाय टाचणीसुद्धा विकत घेतली नव्हती. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नियम काही निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. घरातल्या कुकरची शिट्टी बदलायची, तरी तीन दुकानं, तीन कागद आणि एक तुलनात्मक तक्ता. तोवर त्यांच्या पत्नी उघड्या पातेल्यात बटाटे उकडत बसायच्या. त्या पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत; भांडारपाल सोडून. ते 'अगं' म्हणत, आणि तेही काम असेल तेव्हा.

सहलीचा चौथा दिवस. परकं शहर, हॉटेलची खोली. दुपारी चार वाजता मुलीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, आणि घरच्यांना ती लॅपटॉपवर मागं बसून बघायची मुभा होती. पोरीच्या शाळेतल्या नाटकाला भांडारपाल गेले नव्हते, पदवी घेतली तेव्हाही नाही. दोन्ही दिवशी निविदा उघडायच्या होत्या. या वेळी ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "बाबा, या वेळी या." एरवी तिच्या आवाजात जी चेष्टा असायची, ती त्यात नव्हती. बाईंच्या ते लक्षात आलं होतं.

हॉटेलचं वायफाय फक्त स्वागतकक्षातल्या मोठ्या कुंडीमागं यायचं, तेही ओणवं बसलं तर. म्हणजे लॅपटॉपसाठी इंटरनेट बाहेरून आणणं भाग होतं. सकाळी चहाच्या वेळी बाई म्हणाल्या, "अहो, निघतानाच पोरीनं माझ्या फोनवर बाहेरगावचं पॅक टाकून दिलंय. हॉटस्पॉट चालू करते, तुमचा लॅपटॉप जोडा. झालं."

"तोंडी प्रस्ताव विचारात घेता येत नाही."

"मी बायको आहे तुमची."

"ती तर त्याहून मोठी अडचण. नात्यातल्यांकडून खरेदी नाही."

"खरेदी कुठंय? फुकट आहे."

"फुकटाबद्दल तर ऑडिटवाले सगळ्यात आधी विचारतात."

आता या माणसाशी वाद घालण्यात हशील नव्हतं. पोराच्या हातातली पेन्सिल ओढली की ते आणखी हळू लिहितं, हे बाईंना पहिलीच्या वर्गानं शिकवलं होतं. त्यांनी टेबलावरचा हॉटेलचा कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, पाकिटात घातल्या, जीभ लावून पाकीट चिकटवलं आणि नवऱ्याच्या निळ्या फाइलमध्ये सरकवलं. "पोच द्या," असंही म्हणाल्या. भांडारपाल बशीत चहा ओतत होते.

पहिलं दुकान डोंगलवाल्याचं. डोंगल छान होतं, अंगठ्याएवढं. "आठ दिवसांसाठी हवंय," भांडारपाल म्हणाले. "आठ दिवसांसाठी मिळतं की," दुकानदार म्हणाला, "फक्त करार दोन वर्षांचा करावा लागतो." भांडारपालांनी ते लिहून घेतलं. शिवाय डोंगलची वॉरंटी, रंग आणि भिजल्यास काय, हेही.

दुसरं दुकान सिमकार्डांचं. तिथली मुलगी म्हणाली, "अमर्याद डेटा आहे, काका."

"अमर्याद म्हणजे किती?"

"दोन जीबी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरही अमर्यादच. फक्त चालत नाही."

हेही भांडारपालांनी लिहून घेतलं, तिची सही घेतली, सहीखाली तारीख घालायला लावली. बाई दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. पावणेतीन.

"यातलं एक घ्या आणि चला," त्या म्हणाल्या.

"दोनात तुलना होत नाही. दोनात भांडण होतं."

"ते दिसतंच आहे."

तिसरं दुकान खिशात मावणारं वायफायचं यंत्र भाड्यानं देणाऱ्याचं. तीन चौक चालून पोहोचेपर्यंत सव्वातीन झाले. दार बंद, दारावर पाटी: जेवणाची सुट्टी, पाचला या. एवढ्या वेळात माणूस जेवून, वामकुक्षी घेऊन पुन्हा जेवेल, असं बाईंच्या मनात आलं. भांडारपाल पायरीवर बसले.

"दोनच आली," ते म्हणाले. "फेरनिविदा काढावी लागणार."

"पोरीची परीक्षा फेर निघणार नाही, अहो."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि फाइल छातीशी धरली होती. बाईंना कणव आली आणि चीडही. चीड थोडी जास्त. दंडाला धरून त्यांनी नवऱ्याला उठवलं आणि जवळजवळ ओढतच हॉटेलवर आणलं.

तीन चाळीस. भांडारपालांनी लॅपटॉपवरचा तुलनात्मक तक्ता उघडायला घेतला. तो उघडेना. तो क्लाउडवर ठेवलेला होता आणि तिथं जायला इंटरनेट लागत होतं. मग तक्ता हातानं आखू म्हणून त्यांनी फाइल उघडली. आत पाकीट.

"हे कधी आलं?"

"सकाळी पावणेनऊला. मुदतीच्या आत."

पाकीट त्यांनी उजेडासमोर धरलं. चिकटवलेलं शाबूत होतं. साक्षीदार हवा म्हणून त्यांनी खाली फोन करून स्वागतकक्षातल्या बाईंना वर बोलावलं. त्या हातात टॉवेल घेऊन आल्या, कारण वर बोलावलं म्हणजे टॉवेलच हवा असणार. त्यांच्यासमोर पाकीट फुटलं. 'पुरवठा: लगेच. करार: नाही. अट एक: रोज वापरून झाल्यावर फोन परत द्यावा. अट दोन: परीक्षा चालू असताना मधे बोलू नये.'

"सगळं चोख आहे," भांडारपाल म्हणाले. मग चेहरा पडला. "पण नातं..."

"सही बघा. फोन माझ्या माहेरच्या नावावर आहे. कागदोपत्री तुमचा-माझा काही संबंध नाही."

टॉवेलवाल्या बाईंनी एकदा यांच्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि टॉवेल खुर्चीवर ठेवून त्या निघून गेल्या.

भांडारपालांनी 'मंजूर' लिहिलं, सही केली, वेळ घातली: तीन सत्तावन्न. चारला एक मिनिट कमी असताना पडद्यावर पोरीचा चेहरा आला. तिनं आधी कोपऱ्यातली छोटी चौकट बघितली, तीत दोन डोकी दिसली तेव्हा खांदे सैल सोडले, आणि मग परीक्षकांकडं वळली. भांडारपालांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

अर्ध्या तासानं सगळ्यात म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, "पाण्याची पातळी एका विहिरीवरून कळली असती. प्रत्येक गावात तीन-तीन विहिरी कशाला मोजल्यात? दोन वर्षं जास्त गेली तुमची."

"एकाच विहिरीच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवणार, सर?" मुलगी म्हणाली. "आमच्या घरात तशी पद्धत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. एका घरात दोन.

"लेखी घेतलंस ना सगळं?" भांडारपाल म्हणाले.

माइक चालूच होता. पाचही परीक्षकांनी माना वर केल्या.

"घेतलंय, बाबा," पोरगी शांतपणे म्हणाली. "तारखेसकट."

बाईंनी हात लांबवून माइक बंद केला, निळी फाइल ओढली आणि 'मंजूर'च्या खाली लिहिलं: अट क्रमांक दोनचा भंग, चार वाजून एकतीस. मग पेन आणि कागद नवऱ्यापुढं सरकवले.

पडद्यावरची नजर न काढता भांडारपालांनी पोच दिली.